झरीचे खोकणारे म्हातारे

आमच्या तापीकाठी एखादी पोर हट्टाला पेटली की बाया तिला दम भरतात, "गप बस, नाहीतर मोगलाईत देऊन टाकीन." निजामाच्या राज्याला आमच्याकडे मोगलाई म्हणतात. तिकडे पाणी खारट, शाळा उर्दूत आणि आगगाडी लहान, एवढीच आम्हाला त्या मुलखाची माहिती. माझी धाकटी बहीण यमुना त्याच मोगलाईत, परभणी जिल्ह्यातल्या झरी गावी दिलेली आहे. तिचं लग्न ठरलं तेव्हा आई कितीतरी दिवस धड जेवली नव्हती. मी तोवर केळीच्या बागायतदाराच्या घरात पडलेली, इंग्रजी मुलखात, मोठ्या रस्त्यावरच्या गावात. त्यामुळे यमुनेची समजूत काढायचा मान माझा होता आणि तो मी चांगला मिरवला.

आज मी विधवा आहे आणि यमुनेच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू आहे. ज्यांनी तो मुलूख पाहिला नाही त्यांच्यासाठी हे लिहिते आहे, पण वाचणाराने एक धरून चालावं, की तो मी हेव्याने पाहिला. जे चांगलं दिसलं ते माझ्या पोटात दुखलं आणि जे वाईट दिसलं त्याने मला बरं वाटलं.

आमच्या गावचे पुरुष दारूने मरतात. ओढ्याच्या कडेने मोहाच्या भट्ट्या आहेत. लवकर चढावी म्हणून तीत नवसागर टाकतात. तिशी-पस्तिशीत माणूस पिवळा पडतो, पोट फुगतं आणि जातो. माझे सासरे असे गेले, मोठे दीर गेले, मग घरधनी गेले. मी शिकून मुलींच्या शाळेत मास्तरीण झाले आणि विसूला, माझ्या एकुलत्या एका मुलाला, वाढवलं. विसू आता विशीत आला. गेल्या दिवाळीला तो माझ्या पाया पडायला वाकला आणि मला त्याच्या तोंडाला तो वास आला.

मी त्याला बोलले नाही. यमुनेच्या चुलत दिराची मुलगी गोदा लग्नाची झाली आहे असं कानावर होतं. घरात शहाणी सून आली तर पोरगा थांबेल, असा विचार केला. आमच्या गावातली प्रत्येक आई असाच विचार करते. संक्रांतीला जोडून रजा घेतली आणि निघाले.

मनमाडच्या पुढे

मनमाडला मोठी गाडी सोडून निजामाच्या लहान गाडीत बसावं लागतं. ती इतकी हळू जाते की बाहेरच्या शेतातली बाई आपल्याशी दोन वाक्यं बोलू शकेल. केळी संपतात, झाडं विरळ होतात आणि मग नुसती काळी जमीन, ज्वारी आणि कापूस. मला तो मुलूख उघडाबोडका वाटला आणि त्याचं समाधानही वाटलं.

मोगलाईत शिरताना करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, शिपाई डब्यात चढला. माझ्या पिशवीत केळी, शेवेचा डबा आणि यमुनेच्या सासऱ्यांसाठी ओव्याच्या अर्काची बाटली होती. त्याने केळी सोडली, शेव सोडली, बाटली उचलली. बूच काढून नाकाशी धरली. मी म्हटलं, औषध आहे.

"खानदेश के हो ना अम्मा? फिर तो सूंगना पडता," तो म्हणाला.

सगळा डबा हसला. मला भयंकर राग आला, कारण तो बरोबर बोलला होता. समोरच्या बाकावर नांदेडच्या पलीकडची, तेलंगणातली एक बाई होती, तीही माझ्यासारखीच पांढऱ्या कपाळाची. तिच्या नवऱ्याला ताडीच्या दुकानाने नेलं होतं. अर्धीमुर्धी एकमेकींची भाषा समजत, बाया लोणच्यावर बोलतात तशा आम्ही कुणाच्या गल्लीतले कोण कसे गेले यावर बोललो. ती सेलूपर्यंत जागी होती, मग तिथेच बाकावर झोपली.

झरी

परभणीच्या स्टेशनावर यमुनेचे यजमान लक्ष्मणराव दमणी घेऊन आले होते. वाटेत हरभरा घाटे धरत होता, ज्वारी हुरड्याला आली होती. त्यांनी एका शेतात बैल थांबवून कणसं भाजली आणि हुरडा तळहातावर चोळून दिला. गोड होता. मी म्हटलं, आमच्याकडेही असाच असतो. तसा नसतो.

गावात शिरलो आणि पार दिसला. पारावर म्हातारे बसले होते. एक-दोन नव्हे, पार भरून उरलेले पायरीवर बसलेले. कुणी वाती वळत होता, कुणी नुसता ऊन खात होता. पांढऱ्या मिशा, सुरकुतलेले पाय, काठ्याच काठ्या. मी दमणीतून वळून वळून बघत राहिले. लक्ष्मणरावांना वाटलं मला कुणी ओळखीचं दिसलं. आमच्या गावच्या पारावर दुपारी शेळ्या बसतात.

यमुनेने दारात भाकरतुकडा ओवाळला आणि म्हणाली, "आक्का, लय वाळलीस गं. जेवायलीस का न्हाई तिकडं?" तिची बोली पार बदलली आहे. जेवणात अंबाडीची भाजी होती, वर करडईच्या तेलातली लसणाची फोडणी, येसराची आमटी आणि पांढरीशुभ्र भाकरी. चांगलं होतं. भरीत मात्र आमचंच चांगलं, हे मी मुद्दाम लिहून ठेवते. काहीतरी आमचं चांगलं असायला हवं.

जेवताना यमुनेने आपली दुःखं सांगितली. सासऱ्यांना भाकरी तव्यावरून थेट ताटात लागते. नवरा घोरतो, इतका की मांजर घरात राहत नाही. चुलतसासरे दिवसातून कितीदा चहा मागतात याला सुमार नाही. मी ऐकत होते. माझ्या घरात घोरणारं कुणी नाही आणि आमची मांजर रात्रभर निवांत झोपते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे सासरे, आबा, पटका बांधून आणि काठी घेऊन ओसरीवर आले. म्हणाले, "सूनबाई, जरा खोकून येतो."

मी उठले, बाटली काढली, मधात अर्क घालून वाटी त्यांच्या हातात दिली. म्हाताऱ्याने पाहुणीचा मान राखून ती एका घोटात घेतली. डोळ्यांतून पाणी आलं, मग खराच खोकला लागला. यमुना पदर तोंडात धरून चुलीपाशी बसली ती उठेना. "आक्का, मामंजीला खोकला न्हाई गं," एवढंच तिला बोलता आलं. यात हसण्यासारखं काय आहे ते मला कळलं नाही.

संक्रांतीला तिच्याकडे हळदी-कुंकू झालं. मी आतल्या खोलीत सुगडांत बोरं, हरभरा आणि उसाचे करवे भरून देत होते, बाहेर बसायचं माझं काम नव्हतं. दारातून बाया दिसत होत्या. पाठीला बाक आलेल्या, तोंडात दात नसलेल्या, आणि कपाळ भरून कुंकू. आमच्याकडे हळदी-कुंकवाला दोन गल्ल्या फिरून बाया गोळा कराव्या लागतात आणि त्याही सगळ्या तरण्या. इथे एका म्हातारीचा म्हातारा तिला न्यायला दाराशी येऊन उभा राहिला आणि उशीर झाला म्हणून तिच्यावर खेकसला. ती म्हणाली, येते की, मरतंय का कुणी. मला त्या म्हातारीचं कुंकू माझ्या पदराने पुसून टाकावंसं वाटलं. वाटलं ते लिहिलं.

शिंदीचं बन

मी यमुनेला विचारलंच, की तुमचे पुरुष पीत नाहीत का? ती म्हणाली, पितात की. आणि दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मला शेताच्या वाटेने घेऊन गेली.

ओढ्याच्या काठी शिंदीचं बन आहे. थंडीत झाडाला मडकी बांधतात, रात्रभर रस गळतो, सकाळी कलाल ती उतरवतो. झाडाखाली पंधरा-वीस पुरुष पळसाच्या पानाचे द्रोण घेऊन उकिडवे बसले होते. लक्ष्मणरावही त्यांत होते. मला आत कुठेतरी गार वाटलं. म्हटलं, चला, इथेही हे आहे.

त्यांनी दुसरा द्रोण भरून घेतला असेल-नसेल, तेवढ्यात बांधामागून खोकला ऐकू आला. घसा खरवडून काढलेला, लांबलचक. सगळे द्रोण खाली गेले. कुणी पाठ फिरवली, कुणी विनाकारण बैलाचा कासरा सोडू लागला. बांधावरून आबा आले. त्यांनी बनाकडे पाहिलं नाही. तिथेच उभे राहून ते एकाला विहिरीचं विचारू लागले, दुसऱ्याला मुलीच्या बाळंतपणाचं. काठीवर भार देऊन अगदी निवांत. ऊन वर आलं, रस आंबायला लागला, माणसं एकेक करून कामाला लागली. मग आबा पुढे गेले.

"मुद्दाम वेळ लावतेत," यमुना म्हणाली. "आज मामंजी, उद्या दुसरं कुणी. पारावरच्या म्हाताऱ्यांची पाळी हाय. त्यालाच खोकायला जाणं म्हणायलेत हितं."

मी म्हटलं, द्रोण हिसकून का घेत नाहीत? तिला ते विचित्र वाटलं. हिसकून घेतला तर भांडण होईल, ती म्हणाली, आणि भांडण झालं की लिहाज जातो. लिहाज हा शब्द मी तिथेच शिकले. मोठ्या माणसाच्या समोर जे करवत नाही, त्या अडखळण्याला तिकडे लिहाज म्हणतात. म्हाताऱ्याने पाहिलं असं दिसू द्यायचं नाही आणि तरण्याने प्यायलो असं दिसू द्यायचं नाही. खोकला मध्ये असतो.

परत येताना मी पदर लपेटून यमुनेच्या मागून चालले. तिला वाटलं मला थंडी वाजते आहे. मी आमचं गाव डोळ्यांपुढे आणत होते. आमच्याकडे लिहाज धरायचा कुणाचा? सासरे गेले तेव्हा दिरांपुढची आडकाठी गेली, दीर गेले तेव्हा माझ्या नवऱ्यापुढची. एकेक माणूस जाताना मागच्याची वाट मोकळी करून गेला. यमुनेच्या गावात म्हातारे आहेत म्हणून तरणे म्हातारे होतात.

मानवत

लक्ष्मणराव कापूस घेऊन मानवतला निघाले तेव्हा यमुना म्हणाली, चल, बाजार बघ, लुगडी बघू. मानवतला कापसाचा मोठा व्यापार. रस्त्यावर गाड्यांची रांग, हवेत कापसाचा भुरा, त्याने भुवया पांढऱ्या होतात. जिनाचा, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याचा, भोंगा वाजला की बैल बिथरतात. आमच्या गाडीचा एक बैल असा बिथरला की माझी शेवेची पुडी चिखलात गेली आणि एका कुत्र्याने ती आमच्यादेखत खाल्ली.

जिनाच्या मागे मजुरांच्या झोपड्या आहेत. तिथे यमुनेला चंद्रभागा भेटली. ही झरीचीच, यमुनेच्या घराशेजारची. तिचा नवरा हंगामाला इथे कामाला आला आणि इथेच राहिला. तिच्याही कपाळावर काही नव्हतं. यमुनेला ते माहीत नव्हतं. तिने चंद्रभागेचा हात धरला.

चंद्रभागेने शांतपणे सांगितलं. झरीत तो बनात बसायचा तसाच बसायचा, कधी कुणाच्या डोळ्यांवर आला नाही. इथे जिनातली पाळी सुटली की भट्टीची दारू. मुकादम अडवायचा नाही, काम झालं म्हणजे त्याला बास. "हितं त्याला कुणाचा लिहाजच नव्हता, बाई," ती म्हणाली. "समदे त्याच्याच वयाचे. खोकायला कोण हाय हितं?"

मला आधी काय वाटलं तेही सांगते. मला बरं वाटलं. मोगलाईतही मरतात, झरीचाही मरतो, यमुनेच्या भिंतीला भिंत लागून असलेला मरतो. आणि लगेच ते बरं वाटणं गेलं. मी आजवर समजत होते की आमची मातीच तशी, पाणीच तसं, देवाने आमच्याकडे पाठ केलेली. इथे तोच माणूस, तोच जिल्हा, झरीपासून नुसती बैलगाडीची वाट. झरीत राहिला असता तर पारावर बसला असता. म्हणजे विसूचं मरणही त्याच्या कपाळावर लिहिलेलं नव्हतं. ते आमच्या गावात होतं, आणि मी त्या गावात त्याचं लग्न लावायला निघाले होते.

लुगडं मी घेतलं नाही. यमुनेने हिरवं घेतलं.

ओसरीवर

झरीला परतल्यावर बोलणी झाली. संध्याकाळची वेळ, ओसरीवर आबा, त्यांच्या बरोबरीचे दोघे आणि गोदाचे वडील किसनराव. मी दाराशी पाटावर. यमुना माझ्या मागे आत, चुलीपुढे. गोदा पाणी घेऊन आली. धीट डोळ्यांची मुलगी. तिने माझ्याकडे सरळ पाहिलं आणि पाय माझेच आधी धुतले. मला ती फार आवडली.

मी शेतीचं सांगितलं, विसूच्या शिक्षणाचं सांगितलं. किसनराव मान हलवत होते. मग आबा म्हणाले, "मास्तरीणबाई, समदं चांगलं हाय. एकच सांगा. तिथं त्याच्यामागं खोकायला कोण हाय?"

माझ्या तोंडात नावं तयार होती. चार-पाच भारदस्त नावं, तात्या, दादा लावलेली. त्यांतला प्रत्येक जण मेलेला होता. यमुनेने माहेरी येता-जाता त्या सगळ्यांना पाहिलेलं, ते गेल्याचं तिला ठाऊक होतं. मी मागे वळून पाहिलं. ती खाली बघून पीठ मळत होती. मी खोटं बोलले असते तर ती तोंड उघडणार नव्हती.

मी म्हटलं, "कुणी नाही. मी आहे, पण बाईच्या खोकण्याला आमच्याकडे कुणी विचारत नाही. आणि आबा, त्याच्या तोंडाला वास यायला लागला आहे."

मागे पीठ मळण्याचा आवाज थांबला. किसनराव आपल्या टोपीकडे बघू लागले. गोदा तांब्या उचलून आत गेली. मला वाटलं, झालं. मी पदर सारखा करून उठायला लागले.

"बसा," आबा म्हणाले. "पोरगी तर न्हाई देत आमी तिकडं." त्यांनी काठी मांडीवर आडवी घेतली. "पोरगं आमाला द्या. किसनला ल्योक न्हाई. हितं राहूद्या, शेत करूद्या. मागं आमी हाव की."

आमच्याकडे घरजावई ही शिवी आहे. एकुलता मुलगा दुसऱ्याच्या घरी ठेवायचा, माझं घर, माझी जमीन, माझ्या नवऱ्याच्या नावाचा दिवा, सगळं मी एकटीने सांभाळायचं. आणि ठेवायचा कुणाजवळ, तर एकाच वाड्यातल्या यमुनेजवळ. मी उठून आत गेले. ती भाकरी थापत होती. मी म्हटलं, "नवरा तुझा, सासरा तुझा, अख्खा पार तुझा. आता माझा मुलगाही तुलाच हवा का?"

यमुनेने भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझाच हाय गं तो, आक्का. पर जिता पायजे का न्हाई?"

घरी

मी गावी परत आले आणि विसूला सगळं सांगितलं. तो माझ्यावर ओरडला, ताट लोटून निघून गेला. शिमग्याच्या आधी त्याच्या बरोबरीचा एक मुलगा ओढ्यावर भट्टीपाशीच पडला आणि पुन्हा उठला नाही. त्याला पोचवून आल्यावर विसूने पेटी भरली. वैशाखात झरीला लग्न झालं. मी अक्षता टाकल्या, निघताना पोराकडे मागे वळून पाहिलं नाही, पाहिलं असतं तर त्याला घेऊन आले असते.

परवा झरीचा एक माणूस केळीचे कंद न्यायला आमच्याकडे आला. मी त्याला भरीत-भाकरी वाढली आणि विसूची खुशाली विचारली.

"लय भरलाय. वळखणार न्हाई तुमी," तो म्हणाला. मग मला आनंद व्हावा म्हणून त्याने आणखी सांगितलं, "आन् मावशीला आता आईच म्हणायलाय."

मी भाकरी आणायला म्हणून आत गेले. चुलीपुढे बसून मी माझ्या सख्ख्या बहिणीला तोंडाला येईल ते बोलले, तो बाहेर ऐकतो आहे याची मला पर्वा नव्हती. मग उठले, डोळे पुसले, त्याच्या वाटेच्या भाकऱ्या फडक्यात बांधल्या आणि यमुनेला निरोप दिला. म्हटलं, तिला सांग, म्हणतो तर म्हणू दे. पण त्याला म्हातारा कर.